घाट चढणारा लॅपटॉप

गेल्या मे महिन्यात एका दुपारी कशेडीचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. गृहस्थांचा मालवाहू टेम्पो आहे. महाड, पोलादपूर आणि खेड यांच्या दरम्यान माल पोचविण्यात त्यांची वीस-बावीस वर्षे गेली. मुलगी एके काळची माझी विद्यार्थिनी. आता ती लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठात संगणकशास्त्र शिकते, वसतिगृहात राहते, शनिवारी एस.टी.ने घरी येते आणि सुटीत वीर स्टेशनावरून रेल्वेने मुंबईला मामाकडे जाते. तिला लॅपटॉप घ्यायचा होता. तोही साधा नव्हे, संगणकावरचे खेळ चालतील असा.

"खेळ बनवायला शिकते आहे, सर," ती म्हणाली आणि मग प्रामाणिकपणे पुढे म्हणाली, "आणि खेळतेसुद्धा."

तिने वहीत तीन यंत्रांची माहिती उतरवून आणली होती. पहिले यंत्र अडीच किलोचे, किंमत अठ्ठ्याऐंशी हजार. दुसरे जेमतेम एक किलो नऊशे ग्रॅमचे, पण किंमत अठ्ठ्याण्णव हजार. तिसरे दोन किलो दोनशे ग्रॅमचे, चौऱ्याहत्तर हजारांचे. हे भाव त्या दिवशीचे आणि त्या दुकानातले. असल्या वस्तूंचे भाव भाजीसारखे खालीवर होत असतात, तेव्हा ते पाठ करू नका.

वडिलांना पडलेले कोडे मात्र लक्षात ठेवण्याजोगे होते. "सर, पहिल्या दोन्हींत चिप एकच आहे म्हणतात. मग वजनाला जास्त तो स्वस्त आणि हलका तो महाग, हा उलटा हिशेब कसला? आमच्याकडे तर लोखंड वजनावर जातं."

विद्यार्थी मित्रांनो, या कोड्याचे उत्तर दुकानातल्या जाहिरातीत सापडत नाही. ते तुमच्या नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. ऊर्जा, शक्ती, उष्णता, विद्युतधारा एवढ्या चार गोष्टी ठाऊक असल्या की कोणत्याही लॅपटॉपचे माहितीपत्रक तुम्हाला वाचता येईल. आपण तोच प्रयत्न करू या.

प्रथम खेळासाठी निराळा लॅपटॉप का लागतो ते पाहू. लॅपटॉपचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. पत्र लिहिताना यांतले बहुतेक ठिपके जागच्या जागी स्वस्थ बसलेले असतात. खेळात तसे चालत नाही. मोटार वळली की झाडे, रस्ता, सावल्या, सारेच बदलते, आणि हालचाल अखंड वाटावी म्हणून सेकंदाला निदान साठ नवी चित्रे काढावी लागतात. साठाने गुणा: सेकंदाला सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो! पडदा सेकंदाला १४४ चित्रे दाखविणारा असेल आणि तेवढी चित्रे काढायची असतील, तर हाच आकडा तीस कोटींच्या जवळ जातो. आणि एकेका ठिपक्यासाठी प्रकाश कोठून येतो, मध्ये काय आडवे आले, याचे गणित निराळेच.

हे काम एका हुशार गणकाला जमत नाही. त्याला हजारो साधे गणक लागतात. म्हणून अशा लॅपटॉपमध्ये मुख्य प्रक्रियकाखेरीज चित्रे रेखाटणारी एक स्वतंत्र चिप बसविलेली असते. दुकानदार तिला जीपीयू म्हणतात. मुलीच्या वहीतल्या पहिल्या दोन यंत्रांत एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ४०६० ही २०२३ मध्ये बाजारात आलेली चिप होती. तिच्यात असे ३,०७२ छोटे गणक असतात. तिसऱ्या यंत्रात तिची धाकटी बहीण ४०५० होती, तिच्यात २,५६०.

एक चिप, दोन शक्ती

मी मुलीला विचारले, "चिपेच्या नावापुढे वॅट किती लिहिले आहेत?" तिने ते लिहून घेतलेच नव्हते. तिचे चुकले असे मी म्हणणार नाही. तो आकडा माहितीपत्रकात इतक्या बारीक टायपात असतो की तो कोणी वाचू नये अशीच छापणाऱ्याची इच्छा असावी, असे मला कधी कधी वाटते. आम्ही तो शोधून काढला. पहिल्या यंत्रात चिपेला १४० वॅटपर्यंत शक्ती घेण्याची मुभा होती. दुसऱ्यात ७५ वॅट.

चिप तीच, नाव तेच, पण एकीला दुसरीच्या जवळजवळ दुप्पट शक्ती! ४०६० ही चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोठेही बसविण्याची सोय निर्मात्यांना दिलेली आहे, आणि मुख्य प्रक्रियकाचे काम हलके असेल तेव्हा वर आणखी पंचवीस वॅटपर्यंत उसने घेण्याची. म्हणजे केवळ नाव वाचून लॅपटॉप घेणे हे गाडीचे इंजिन न पाहता नुसता तिचा रंग पाहण्यासारखे आहे.

"म्हणजे दुसरा अर्ध्या वेगाचा?" वडील म्हणाले. अठ्ठ्याण्णव हजार देऊन अर्धा वेग, ही कल्पना त्यांना पसंत नव्हती.

नाही, आणि येथेच खरी गंमत आहे. चिपेत अब्जावधी सूक्ष्म कळा असतात आणि त्या सेकंदाला अब्जावधी वेळा उघडझाप करतात. प्रत्येक उघडझापीत थोडा विद्युतभार भरला जातो आणि सोडून दिला जातो. यात खर्च होणारी शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते: उघडझापीची वारंवारता आणि व्होल्टतेचा वर्ग. वर्ग हा शब्द ध्यानात घ्या. चिप जलद चालवायची तर तिला व्होल्टताही वाढवून द्यावी लागते. नाहीतर कळा वेळेवर उघडत नाहीत. उलट वेग कमी केला तर व्होल्टताही उतरवता येते.

समजा, वेग शेकडा ऐंशीवर आणला आणि व्होल्टताही तितकीच उतरविली. आता शक्ती किती लागेल? ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१२. म्हणजे जवळजवळ निम्मी! वेग फक्त एक-पंचमांशाने घटला, पण शक्ती अर्ध्यावर आली. प्रत्यक्षात व्होल्टता एका मर्यादेखाली उतरवता येत नाही आणि काही शक्ती अशीच गळून जाते, म्हणून हिशेब ढोबळ आहे. तरी दिशा बरोबर आहे. याचाच अर्थ असा की १४० वॅटच्या यंत्रातले शेवटचे साठ-पासष्ट वॅट केवळ शेवटच्या थोड्याशा वेगासाठी खर्ची पडतात. टेबलावर ठेवून खेळणाऱ्याला तो वेग हवा असेल तर त्याने जरूर घ्यावा. पाठीवर घेऊन हिंडणाऱ्याने मात्र विचार करावा, कारण त्या साठ वॅटांमागून आणखी पुष्कळ गोष्टी येतात: मोठी तांब्याची यंत्रणा, मोठे पंखे, मोठा अडॅप्टर.

इस्त्रीपेक्षा तप्त

लॅपटॉप कोणतेही ओझे उचलत नाही. मग त्याने घेतलेली विद्युतऊर्जा जाते कोठे? जवळजवळ सर्व उष्णतेत जाते. पडद्याचा प्रकाश आणि पंख्याचा वारासुद्धा अखेर खोलीतल्या उष्णतेतच जमा होतो. जुने शंभर वॅटचे दिवे तुमच्या आजोबांनी पाहिले असतील. तसे दीड-दोन दिवे दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या बंद पेटीत कोंबले आहेत अशी कल्पना करा.

पण त्याहून मोठी अडचण म्हणजे ही उष्णता फार थोड्या जागेत निर्माण होते. ४०६० चिपेचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस मिलिमीटर, म्हणजे १.६ चौरस सेंटिमीटर असते. तुमच्या अंगठ्याच्या नखापेक्षा फारसे मोठे नाही. तिच्यातून १०० वॅट बाहेर पडले तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६२ वॅट झाले. आता घरातली हजार वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरला तर दर चौरस सेंटिमीटरला पाचच वॅट येतात. इस्त्रीच्या बारापट दाटीची उष्णता या नखाएवढ्या तुकड्यातून सतत काढून घ्यावी लागते, नाहीतर चिप काही क्षणांत निकामी होईल.

ती कशी काढतात? चिपेवर तांब्याची पट्टी असते आणि पट्टीवरून चपट्या तांब्याच्या नळ्या पंख्यांकडे जातात. या नळ्या भरीव नसतात. आतली हवा काढून त्यांत अगदी थोडे पाणी ठेवलेले असते. चिपेकडील टोकाशी पाण्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे परत येते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,२५० ज्यूल उष्णता शोषली जाते, हे तुम्ही अप्रकट उष्णतेच्या धड्यात शिकला आहात. तेव्हा १०० वॅट वाहून न्यायला सेकंदाला ०.०४४ ग्रॅम, म्हणजे थेंबभरदेखील नाही एवढे पाणी पुरते! अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी तयार करून दाखविली. पुढे ती कृत्रिम उपग्रहांत वापरली गेली आणि आता ती आपल्या दप्तरात आली आहे.

हे ऐकताना वडिलांचा चेहरा खुलला. "हे आमचं रेडिएटरचंच गणित," ते म्हणाले. "सर, मोकळ्या रस्त्यावर कोणतीही गाडी पळते. कशेडीच्या चढावर अर्ध्या तासानं काय होतं, ते विचारा."

त्यांच्या या एका वाक्यात लॅपटॉप पारखण्याची उत्तम कसोटी आहे. कशेडीचा घाट मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर आणि खेड या तालुक्यांच्या मध्ये आहे. तेथे डोंगरातून आता बोगदे झाले आहेत आणि २०२३ च्या गणेशोत्सवाच्या सुमारास त्यांतला पहिला मार्ग हलक्या वाहनांना खुला झाला. त्याआधी सगळ्या गाड्यांना जुना घाटच चढावा लागे. चढावर इंजिन पूर्ण जोर लावते, पण गाडीचा वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा कमी मिळतो. सुरुवातीची काही वळणे कोणतीही गाडी जोमाने घेते, कारण इंजिन आणि पाणी अजून थंड असते, उष्णता साठवायला जागा असते. ती जागा भरली की काटा वर चढू लागतो आणि चालकाला वेग तरी कमी करावा लागतो, नाहीतर गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडावे लागते.

लॅपटॉपही अगदी असेच वागतो. पहिली पाच मिनिटे तो माहितीपत्रकाप्रमाणे पळतो. नंतर चिपेचे तापमान मर्यादेला भिडले की तो आपणहून वेग उतरवतो. म्हणून दुकानात दोन मिनिटे खेळ दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नये. अर्धा तास सलग खेळ चालवून पाहावा आणि पहिल्या पाच मिनिटांतील व शेवटच्या पाच मिनिटांतील चित्रांचा सेकंदाचा आकडा वहीत लिहावा. दुकानदार कुरकुर करील, करू द्या. लाखभर रुपये तुमचे जाणार आहेत. दुकानात जमले नाही तर ज्यांच्याकडे तेच यंत्र आहे अशा कोणाकडे तरी जाऊन पाहावे.

यात आपल्या हवेचाही हिशेब धरला पाहिजे. तप्त वस्तूतून बाहेर जाणारी उष्णता ढोबळमानाने वस्तू आणि हवा यांच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. समजा, चिपेची मर्यादा ८५ अंश सेल्सिअस आहे. वातानुकूलित खोलीत हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६० अंशांचा. महाडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की फरक उरतो ४५ अंशांचा, म्हणजे तीन-चतुर्थांश. पंखे तेच, नळ्या त्याच, पण जी यंत्रणा तेथे शंभर वॅट बाहेर टाकत होती ती येथे पंचाहत्तरच टाकू शकेल. परदेशातल्या थंड खोलीत केलेल्या चाचण्यांचे आकडे कोकणात आणताना त्यांतला एक पाव वाटेतच गळतो, असे समजावे. पहिल्या यंत्राचे १४० वॅट मे महिन्यात तिच्या घरी कितपत टिकतील, याबद्दल म्हणूनच मला शंका होती.

जाता जाता सांगतो: लॅपटॉप या शब्दाचा अर्थ मांडीवर ठेवायचा संगणक असा आहे, पण खेळाचा लॅपटॉप तेवढा मांडीवर ठेवू नये. त्याची हवा बहुधा तळातून आत जाते. मांडी, गोधडी, एस.टी.ची गादी यांनी ती वाट बंद होते आणि अर्ध्या तासाचा घाट पाच मिनिटांत येतो.

एव्हरेस्टएवढी बॅटरी

आता प्रवासाचा मुख्य प्रश्न. पहिल्या यंत्राच्या बॅटरीवर ५७ वॅट-तास असे लिहिले होते, दुसऱ्याच्या ७६ आणि तिसऱ्याच्या ५०. एक वॅट-तास म्हणजे ३,६०० ज्यूल. तेव्हा ५७ वॅट-तास म्हणजे २,०५,२०० ज्यूल. ही ऊर्जा थोडी वाटते का? त्या अडीच किलोच्या यंत्राला उचलण्यासाठी ती सगळी वापरली, तर ते किती उंच जाईल? वजन २.५ × ९.८ = २४.५ न्यूटन, भागाकार करा, उत्तर येते सुमारे ८,४०० मीटर. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर आहे! समुद्रकाठापासून महाबळेश्वरच्या माथ्यापर्यंत सहा वेळा जाता येईल एवढी ऊर्जा त्या चपट्या बॅटरीत आहे. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली, आणि तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते उगाच नव्हे.

आणि एवढी ऊर्जा खेळ किती वेळात खातो? चिप १४०, मुख्य प्रक्रियक ४५, पडदा व इतर १५, असे २०० वॅट धरले तर ५७ भागिले २००, म्हणजे सतरा मिनिटे! पोलादपूरहून महाडला पोचेपर्यंतसुद्धा पुरायची नाही.

प्रत्यक्षात तेही होत नाही, कारण बॅटरीला एवढी शक्ती एकदम देऊ दिली जात नाही. प्रत्येक बॅटरीला थोडा अंतर्गत रोध असतो. समजा, बॅटरी १५ व्होल्टची आणि तिचा रोध ०.१ ओहम आहे. २०० वॅट मागितले तर सुमारे १३.३ अँपिअर धारा वाहील, आणि धारेचा वर्ग गुणिले रोध या नियमाने सुमारे १८ वॅट बॅटरीच्या आतच उष्णतेत जातील. ६० वॅटच मागितले तर धारा ४ अँपिअर आणि आतली उष्णता केवळ १.६ वॅट. उष्णता बॅटरीची वैरीण आहे. म्हणून अडॅप्टर काढला की यंत्र स्वतःच चिपेला आवर घालते. तुम्ही १४० वॅटचे पैसे दिलेत तरी एस.टी.त बसल्यावर त्या यंत्राला चाळीस-साठ वॅटांचेच काम करता येते. मुलीच्या दृष्टीने ही बातमी सर्वांत महत्त्वाची होती. प्रवासात, सॉकेट नसताना, पहिले आणि दुसरे यंत्र खेळाच्या बाबतीत जवळजवळ सारखेच. दोन्ही तासाच्या आतबाहेर संपणार.

बॅटरीवर ज्याला खेळायचेच आहे त्याने खेळाच्या मांडणीत सेकंदाला तीस किंवा चाळीस चित्रांची मर्यादा घालावी. आपण मघाशी पाहिलेला वर्गाचा नियम येथे आपल्या बाजूने काम करतो. कशेडीत बोगदा काढणाऱ्यांनी हेच केले: गाड्यांना मोठी इंजिने बसविली नाहीत, चढच कमी केला.

पण एस.टी.त ती मुलगी काय करणार आहे? मी विचारले तेव्हा तिने सांगितले की लिहिणे, वाचणे, आज्ञावल्या दुरुस्त करणे. हे हलके काम आहे, आणि येथे दोन यंत्रांतला फरक उघड झाला. दुसऱ्या यंत्रात हलक्या कामाच्या वेळी मोठी चिप पूर्ण झोपवून मुख्य प्रक्रियकातल्या लहान चित्रगणकावर काम चालवण्याची सोय चांगली होती. सारे यंत्र दहा वॅटांच्या आसपास चालू शके. ७६ भागिले १० म्हणजे साडेसात तास. पहिल्याला पंधरा वॅट धरले तर ५७ भागिले १५, पावणेचार तास. वजन कमी असूनही बॅटरी मोठी, आणि खर्च कमी. वडिलांच्या उलट्या हिशेबाचे उत्तर हे होते: ते दहा हजार रुपये चिपेचे नव्हते, न वाढवलेल्या वजनाचे आणि मोठ्या बॅटरीचे होते.

बॅटरी जितकी मोठी तितकी चांगली, मग दोनशे वॅट-तासांची का करीत नाहीत? वजन हे एक कारण. दुसरे विमानाचे. १०० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी विमानात नेण्यासाठी कंपनीची खास परवानगी लागते आणि १६० च्या वर तर प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणूनच बाजारातल्या मोठ्यात मोठ्या लॅपटॉपवर ९९ किंवा ९९.९ असा गमतीदार आकडा दिसतो.

आता सॉकेटकडे वळू. एस.टी.च्या काही नव्या गाड्यांत मोबाईल भरण्याची सोय असते. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर धरले तर ते झाले १० वॅट. एवढ्यावर लॅपटॉपचे भागत नाही. रेल्वेच्या डब्यातील सॉकेटवर पुष्कळदा ११० व्होल्ट असे लिहिलेले आढळते. लॅपटॉपच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, तेव्हा व्होल्टतेने तो बिघडणार नाही. पण शक्ती तेवढीच हवी असेल तर व्होल्टता निम्मी झाल्यावर धारा दुप्पट लागते. २३० वॅटचा अडॅप्टर घरी एक अँपिअर घेतो, तो येथे दोन अँपिअरच्या वर मागेल. मोबाईलसाठी बसविलेल्या सॉकेटवर असा भार टाकून डब्यातल्या सगळ्यांचे सॉकेट बंद पाडण्याचा पराक्रम करू नये. येथे दुसऱ्या यंत्राचा आणखी एक गुण उपयोगी पडला. ते आपल्या मोठ्या अडॅप्टरशिवाय टाइप-सी तोंडाच्या लहान चार्जरवरही भरता येत होते. असा ६५ किंवा १०० वॅटचा चार्जर मुठीत मावतो. पहिल्या यंत्राचा अडॅप्टर मात्र विटेएवढा, पाऊण किलोचा. आणि माहितीपत्रकात छापलेल्या वजनात तो धरलेला नसतो. तुम्ही लॅपटॉप घ्याल तेव्हा अडॅप्टरसकट तागडीत टाकून पाहा.

पडद्याविषयी थोडक्यात. त्याची दीप्ती दर चौरस मीटरला किती कँडेला ते पाहावे. दुकानात यालाच निट्स म्हणतात. तिसऱ्या यंत्राची २५० होती. खोलीत ती पुरते, खिडकीपाशी बसून लिहिताना पुरत नाही. चारशेच्या आसपास असेल तर बरे. स्मृती १६ जीबी असावी आणि पुढे वाढवता येते का ते विचारावे. पूर्वीच्या लॅपटॉपांत फिरत्या तबकडीची डिस्क असे आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचा जीव धोक्यात येई. आताच्या साठवणीत फिरणारा भागच नसल्याने ती चिंता मिटली.

कोकणातल्या पावसाळ्याची मात्र मिटलेली नाही. वातानुकूलित गाडीत तासभर राहिलेला लॅपटॉप २२ अंशांपर्यंत थंड झालेला असतो. जुलैत गाडीतून उतरलात की बाहेरच्या दमट हवेचा दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो. थंड पाण्याच्या तांब्यावर जसे बाहेरून थेंब जमतात तसे त्या यंत्रावर, आणि पंखा लगेच सुरू केला तर आतल्या भागांवरही, पाणी धरू शकते. म्हणून घरी आल्यावर तो दप्तरातच तासभर राहू द्यावा. बाहेरच्या हवेइतका कोमट झाला की मग उघडावा. महामार्गावरची धूळही पंख्यांच्या जाळीत बसते. वर्षातून एकदा ती साफ करून घ्यावी, नाहीतर रेडिएटरला चिखल लागल्यासारखे होते. आणि यंत्राच्या धातूच्या भागाला हात लावताच मुंग्या येतात असे वाटले तर आधी घरातल्या सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांच्या अडॅप्टरची तिसरी पिन कापून किंवा टाळून काम भागवण्याची आपल्याकडे जी खोड आहे, ती येथे महागात पडेल.

एवढे सगळे झाल्यावर निवड कठीण राहिली नव्हती. वसतिगृहातल्या टेबलावरून जो हलणारच नाही अशा विद्यार्थ्याला मी पहिले यंत्र सुचवले असते; दहा हजार रुपये वाचतात आणि अडॅप्टरवर ते दुसऱ्यापेक्षा जलदही चालते. हात आखडता असेल तर तिसरेही वाईट नाही. पण त्याच्या चिपेला ६ जीबीचीच स्मृती आहे, ४०६० ला ८ जीबी, आणि खेळ बनवणाऱ्याला ती दोन-तीन वर्षांत अपुरी पडेल. दर शनिवारी ओझे पाठीवर घेऊन येणाऱ्या या मुलीसाठी दुसरेच योग्य होते, आणि तसे मी सांगितले. मात्र अर्ध्या तासाची कसोटी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, हेही बजावले.

त्यांनी कसोटी घेतली. सुरुवातीला सेकंदाला ७८ चित्रे, अर्ध्या तासाने ७२. मुलीने आकडे मला फोनवर कळवले. मे महिन्यातल्या दुपारी सहाच चित्रांची घट हे चांगलेच लक्षण होते.

पाठोपाठ वडिलांनी फोन घेतला. त्यांना निराळेच विचारायचे होते: सोमवारी सकाळी ते तिला टेम्पोतून लोणेऱ्याला सोडतात, तेवढ्या वेळात यंत्र गाडीवर भरता येईल का? मी त्यांना गाडीतल्या सॉकेटचा फ्यूज पाहायला सांगितला. १० अँपिअरचा निघाला. १२ व्होल्ट गुणिले १० म्हणजे १२० वॅट. १०० वॅटचा चार्जर लावला तर त्यातली तूट धरून धारा नऊ अँपिअरच्या वर जाईल. फ्यूज अगदी काठावर. ६५ वॅटचा लावला तर सहा अँपिअर, आणि तासाभरात पन्नासेक वॅट-तास सहज भरतील. यंत्र तेवढ्या लहान चार्जरवर भरते असे माहितीपत्रकात लिहिले होतेच.

"म्हणजे पासष्टचा घेतो," ते म्हणाले. "आणि इंजिन चालू असतानाच लावायचा ना?"

मी हो म्हटले.